मिशिगन ब्लफला वाढलेलं वजन

संध्याकाळचे 6 वाजून 50 मिनिटं. 100 मैलांच्या शर्यतीत पहाटे 5 ला सुटलेला धावपटू 55.7 मैल, म्हणजे जवळपास 90 किलोमीटर तुडवून मिशिगन ब्लफच्या एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या मदतकेंद्रावर, खुर्चीत टेकला आहे. डोकं ठणकतंय, मळमळतंय, शेवटच्या चढावर दोनदा कोरडे उमासे आले. ओठ सुकलेत, टोपीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेत. क्रूमधल्या, म्हणजे त्याच्या मदतीला आलेल्या साथीदारांमधल्या, दोघांचं लगेच एकमत होतं: पाणी कमी पडलंय, आधी अर्धा लिटर पाजा. तिसऱ्याने गाडीतून घरगुती वजनकाटा आणलेला असतो. पाठीवरची पिशवी, गळ्यातला बर्फाचा रुमाल आणि ओला शर्ट उतरवून धावपटूला त्यावर उभं करतात. काटा दाखवतो 65.2 किलो. पहाटे याच काट्यावर, याच बुटांत तो 64 किलो होता.

हा धावपटू म्हणजे कोणी एक खरी व्यक्ती नाही. हिशेब नेमका मांडता यावा म्हणून तो धरला आहे. वाट मात्र खरी आहे, तिथलं ऊन खरं आहे आणि असा प्रसंग उन्हातल्या लांब शर्यतीत कोणत्याही क्रूवर येऊ शकतो. तो अर्धा लिटर त्या क्षणी पाजला तर काय होईल, हाच या प्रकरणाचा गाभा.

शर्यत आहे वेस्टर्न स्टेट्स एन्ड्युरन्स रन. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात ऑलिम्पिक व्हॅलीपासून ऑबर्न गावातल्या प्लेसर हायस्कूलच्या मैदानापर्यंत 100.2 मैल, म्हणजे 161 किलोमीटर. मुळात ही टेव्हिस कप या घोड्यांच्या शर्यतीची वाट. 1974 मध्ये गॉर्डी एन्सली घोड्याशिवाय, पायी धावत निघाला आणि 23 तास 42 मिनिटांत पोचला. तिथून माणसांची शर्यत सुरू झाली. आज जून अखेरच्या शनिवारी पहाटे 5 ला बंदूक सुटते, 30 तासांत पोचावं लागतं आणि 24 तासांच्या आत आलं तर चांदीचं बक्कल मिळतं. एकूण चढ सुमारे 5,500 मीटर, उतार सुमारे 7,000 मीटर. उताराचा आकडा चढापेक्षा मोठा आहे, याकडे पुढे परत यावं लागेल.

सुरुवातीलाच साडेचार मैलांत पावणेआठशे मीटर चढून वाट 2,670 मीटरवर जाते. तिथे हवा गार असते, कधी जूनमध्येही बर्फ असतो. 30 मैलांवर रॉबिन्सन फ्लॅट येतं आणि तिथून वाट उतरत उतरत तापलेल्या भागात शिरते. 43 मैलांवरच्या लास्ट चान्सपासून 62 मैलांवरच्या फॉरेस्टहिलपर्यंतच्या टप्प्याला सगळे ‘कॅनियन्स’ म्हणतात. नदीपर्यंत खोल उतार, मग डेव्हिल्स थंबचा चढ. पुन्हा एल्डोराडो क्रीकपर्यंत उतार, मग मिशिगन ब्लफचा चढ. डेव्हिल्स थंबचा चढ अडीच-तीन किलोमीटरमध्ये साधारण 500 मीटर, एकामागून एक वळणांचा. आतकरवाडीकडून सिंहगड चढलेल्याला अंदाज येईल: उंची त्याहून थोडी कमी, पण भर दुपारी, वारा नसलेल्या दरीत, पायांत 45 मैल घेऊन. कडक उन्हाच्या वर्षी या दऱ्यांमध्ये पारा 38 ते 43 अंशांत जातो. त्यात 2022 च्या मॉस्किटो वणव्यात या टप्प्यातलं जंगल जळलं, त्यामुळे पूर्वीची सावली बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही.

आता वजन का वाढलं ते पाहू. रॉबिन्सन फ्लॅटला 11:50 वाजता आपल्या धावपटूचं वजन 63.6 होतं, म्हणजे 400 ग्रॅमची घट. अगदी ठीक. पुढच्या सात तासांत त्याला रॉबिन्सन धरून सहा एड स्टेशनं लागली. प्रत्येक ठिकाणी त्याने अर्ध्या लिटरचे दोन फ्लास्क भरले, पुढच्या स्टेशनपर्यंत रिकामे केले आणि उभ्या उभ्या 200 मिलीचे दोन पेले प्यायला. एका स्टेशनमागे 1.4 लिटर, सहांचे 8.4 लिटर. त्यात जेल, कलिंगड, बटाटे मिळून 600 ग्रॅम. आत गेले 9 किलो. बाहेर काय गेलं? घाम 6.6 लिटर, श्वासातून 300 ग्रॅम, जाळलेलं इंधन 400 ग्रॅम आणि लघवी जेमतेम 100 मिली. एकूण 7.4. फरक 1.6 किलो, म्हणूनच 63.6 चे 65.2 झाले.

ताशी 1.2 लिटर पिणं बेसुमार वाटत नाही. एवढ्या उन्हात ते शहाणपणाचंच वाटतं आणि म्हणूनच माणूस फसतो. आतड्यातून साधारण ताशी 800 मिली ते 1 लिटर पाणी शोषलं जातं, तेही शरीर ताजंतवानं असताना. तापलेल्या शरीरात रक्त कातडीकडे आणि पायांकडे वळतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं आणि वेग आणखी घटतो. जास्तीचं पाणी पोटात डचमळतं. धावताना ‘गुडगुड’ ऐकू यायला लागली, की ढेकरा येतात, मग मळमळ, मग खाणं बंद.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. तासन्‌तास श्रम, मळमळ, वेदना, उष्णता यांमुळे मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटत राहतं. त्याचा मूत्रपिंडाला एकच निरोप असतो: पाणी सोडू नकोस. एरवी जास्तीचं पाणी तासाभरात लघवीवाटे निघून जातं. इथे ते अडकून बसतं. सात तासांत 100 मिली लघवी झाली ती यामुळेच. लघवी कमी आणि गडद दिसली की लोक ती पाण्याच्या कमतरतेची खूण समजतात. या शर्यतीत ती नेमकी उलट गोष्टीचीही खूण असू शकते.

शिवाय या टप्प्यावर वजन जागच्या जागी राहणंही बरोबर नाही. स्नायूंमधलं ग्लायकोजन जळतं तेव्हा दर ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी मोकळं होतं आणि ते शरीराच्या कामी येतं. त्यामुळे 90 किलोमीटरनंतर दोनएक टक्के घट हीच निरोगी स्थिती. आपला धावपटू 62.7 च्या आसपास असायला हवा होता, आहे 65.2. म्हणजे त्याच्यात अडीच लिटर पाणी जास्तीचं आहे. शरीरातलं एकूण पाणी 38 लिटर धरलं, तर अडीच लिटरच्या भेसळीने रक्तातलं सोडियम लिटरमागे 140 मिलिमोलवरून ढोबळमानाने 131 पर्यंत उतरतं. 135 च्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात.

ही पुस्तकी भीती नाही. याच शर्यतीत 2009 मध्ये अंतिम रेषेवर 47 धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यातल्या 14 जणांचं सोडियम 135 च्या खाली होतं, म्हणजे 30 टक्के. बहुतेकांना त्रास जाणवलाही नाही. पण त्याच वर्षीच्या पाच धावपटूंमध्ये हायपोनेट्रेमिया आणि स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार येण्याची स्थिती, म्हणजे रॅब्डोमायोलिसिस, असं दोन्ही एकदम आढळल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे.

मग मिठाच्या गोळ्या? आपल्या धावपटूने तासाला एक घेतली होती. गोळी वाईट नाही, पण ती जास्त पिण्यावरचा उतारा नाही. मीठ घेतलं म्हणून निर्धास्त होऊन माणूस जास्त पितो, शिवाय मिठाने तहानही वाढते. सोडियम इथे घामातून वाहून गेलं त्यापेक्षा पाण्याने पातळ झालं, हे समजून घेतलं तरच पुढचे निर्णय बरोबर होतात.

निर्णयाची पहिली पायरी म्हणजे तीन शक्यता वेगळ्या करणं, कारण वरवर तिन्ही सारख्या दिसतात. पाणी कमी पडलेल्याचं वजन चार-पाच टक्क्यांनी उतरलेलं असतं, उठल्यावर गरगरतं, तहान सणसणीत असते आणि बोटं सुकलेली असतात. पाणी जास्त झालेल्याचं वजन स्थिर किंवा वाढलेलं, बोटं फुगलेली, अंगठी आणि घड्याळाचा पट्टा रुतलेला, मोज्याच्या कडेचा वळ खोल, तहान नाही. आपल्या धावपटूचा पट्टा पहाटे ज्या भोकात सैल होता, तिथेच आता मनगटात घुसला होता. पट्ट्याखाली कातडीवर त्याची नक्षी जशीच्या तशी उमटली होती. काटा नसता तरी एवढ्यावरून शंका यायला हवी होती. तिसरी शक्यता उष्माघात: माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, चिडतो आणि शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर असतं. हे तापमान गुदद्वारातूनच मोजावं लागतं. कपाळावरचा किंवा कानाचा तापमापक ओल्या, वाऱ्यात उभ्या माणसाच्या बाबतीत खोटं सांगतो. उष्माघातात रुग्णवाहिकेची वाट पाहत बसायचं नाही. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून 39 अंशांच्या खाली आणायचं, मग हलवायचं. बर्फाची टाकी नसेल तर ओल्या चादरी, बर्फ आणि जोराचा वारा.

आपला धावपटू नीट उत्तरं देतोय, आतलं तापमान 38.6 आहे. म्हणजे दुसरी शक्यता, सौम्य स्वरूपात. डॉक्टरांना बोलवायचं आणि वजनाचे आकडे त्यांच्यासमोर ठेवायचे. त्या आकड्यांनी त्यांचा वेळ वाचतो. मग साधं पाणी, कोला, पातळ इलेक्ट्रोलाइट म्हणजे क्षारांचं पेय, सगळं बंद. सूपच्या तीन-चार वड्या 125 मिली गरम पाण्यात विरघळवून तो खारट अर्क घोट घोट पाजायचा. चव असह्य असते, पण त्यात सोडियम रक्तापेक्षा दाट असतं आणि नेमकं तेच हवं असतं. जमलं तर मीठ लावलेला उकडलेला बटाटा. सावलीत बसवायचं, मान आणि काखेत बर्फ लावायचा, बूट सैल करायचे आणि थांबायचं.

थांबायचं कशासाठी, तर लघवीसाठी. शरीर गार झालं, मळमळ ओसरली की व्हॅसोप्रेसिनचा पहारा उठतो आणि मूत्रपिंड जास्तीचं पाणी सोडू लागतं. अर्ध्या-पाऊण तासात भरपूर, फिकट लघवी झाली तर बाजी पलटली. तसं न होता डोकेदुखी वाढली, उलट्या सुरू झाल्या, बोलणं अडखळलं, तर शर्यत तिथेच संपवायची. मेंदूला सूज येऊ लागल्याच्या त्या खुणा आहेत. त्यावरचा उपाय डॉक्टरांच्या हातातला: 3 टक्के मिठाचं द्रावण शिरेतून 100 मिली, गरज पडली तर दहा-दहा मिनिटांनी आणखी दोनदा. नेहमीची सलाईनची बाटली इथे लावायची नसते, तिने स्थिती बिघडू शकते. क्रूने हे तोंडपाठ ठेवलेलं बरं, कारण पुढे इस्पितळात धावपटू स्वतः सांगायच्या स्थितीत असेलच असं नाही, आणि ‘उन्हात धावत होता’ एवढं कळलं की बाटली लावायला पहिला हात पुढे होतो.

डोकेदुखीवर आयबुप्रोफेन द्यायचं नाही. ते मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतं आणि पाणी अडवतं. याच शर्यतीतल्या धावपटूंवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयबुप्रोफेन घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं नव्हतं, दाह मात्र वाढलेला आढळला. लघवी कोलासारखी काळपट झाली असेल तर प्रकरण थेट डॉक्टरांचं, मग क्रूने स्वतःचं डोकं चालवू नये.

हे सगळं दुपारी टाळता आलं असतं का? आलं असतं, आणि तेही कमी पिऊन उकाडा सोसत नव्हे. तापलेल्या धावपटूपुढे दोन कामं असतात: घामाने गेलेलं पाणी भरून काढणं आणि अंग गार ठेवणं. आपल्या धावपटूने दुसरं कामही पिऊनच करायचा प्रयत्न केला. इथे थोडं गणित उपयोगी पडतं. 64 किलोच्या माणसाचं तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे 224 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. 5 अंशांचं अर्धा लिटर पाणी पोटात जाऊन 37 अंशांवर येईपर्यंत 67 किलोज्यूल शोषतं, म्हणजे अंशाचा तिसरा हिस्साही नाही. तेच अर्धा लिटर शर्टावर ओतलं आणि कोरड्या हवेत वाळलं, तर 1,200 किलोज्यूल उडून जातात. त्यातली काही उष्णता हवेतून येते, सगळी अंगातून नाही, तरी फरक कितीतरी पट उरतो. धावताना अंगात ताशी जवळपास 1,500 किलोज्यूल उष्णता तयार होते, वर ऊन वेगळं. अंगावर ओतलेलं पाणी घामाचं काम करतं, पोटात न जाता.

म्हणून कॅनियन्समध्ये एका फ्लास्कमध्ये प्यायचं, दुसऱ्यात ओतायचं साधं पाणी. दोन्हींची टोपणं वेगळ्या रंगांची. प्रत्येक एड स्टेशनवर किलोभर बर्फ मागून घ्यायचा: शिवून नळी केलेल्या रुमालात गळ्याभोवती, टोपीत मूठभर, उरलेला सुती बाह्यांमध्ये मनगटापासून कोपरापर्यंत. वितळतं पाणी शर्ट ओला ठेवतं. लास्ट चान्सनंतर तळाला नदी लागते, तिथे पाच मिनिटं थांबून शर्ट-टोपी भिजवायची. पाच मिनिटं वाया गेली असं वाटतं, पण डेव्हिल्स थंबवर ती परत मिळतात. डोक्यावर पाणी ओतताना मात्र कमरेतून पुढे वाकायचं. ताठ उभं राहून ओतलं तर ते पायांवरून बुटात उतरतं, तळवे पांढरे पडून सुरकुततात आणि फॉरेस्टहिलपर्यंत टाचेची कातडी घडी पडून सुटते. अनेकांची शर्यत पोटाने नव्हे, या एका चुकीने संपते.

पिण्याचा बेत आपल्या धावपटूपुरता असा बसला असता: ताशी 600 ते 750 मिली, तहानेच्या कलाने, त्यातलं अर्धं तरी इलेक्ट्रोलाइट. कर्बोदकं ताशी 60 ग्रॅम, चढावर घट्ट काही नको. क्रू घरचा असेल तर रॉबिन्सनला मऊ भात, तूप, मीठ द्यावं. सहा तास गोड जेल खाल्लेल्या जिभेला तो चटकन जातो.

उताराचं गणितही इथेच येतं. पहिल्या 30 मैलांच्या गारव्यात, पाय ताजे असताना, उतारावर मोकळं सुटावंसं वाटतं. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणत ताणत ब्रेक लावतो आणि त्याचे तंतू तुटतात. त्याची किंमत दुपारी कळते: दुखऱ्या मांड्यांनी दरीत उतरणं लांबतं, उन्हात वेळ वाढतो, स्नायूंचा कचरा रक्तात उतरतो. आपल्या धावपटूने रॉबिन्सनपर्यंत वाचवलेली वीसएक मिनिटं मिशिगन ब्लफच्या खुर्चीत दुपटीने गेली.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या धावपटूला ‘उन्हाची सवय आहेच’ असं वाटतं, तिथे दोन खड्डे आहेत. पहिला तारखांचा. एप्रिल-मेच्या पुण्या-नागपूरच्या उन्हात शरीर उत्तम तयार होतं; पूर्ण सवयीला 10 ते 14 दिवस पुरतात. पण ऊन थांबलं की ती सवय दिवसाला साधारण अडीच टक्क्यांनी झिजते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, आभाळ भरतं, आणि शर्यत असते महिन्याच्या शेवटी. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नातलगांकडे आठवडाभर राहिलं तर तिथली गार हवा उरलंसुरलं धुऊन नेते. उपाय म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर हलक्या धावेनंतर लगेच 40 अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत 40 मिनिटांपर्यंत बसणं, सलग सहा दिवस, सोबत कोणीतरी असताना. टब नसेल तर जिममधला सौना, 25-30 मिनिटं. नंतर दर तीन दिवसांनी एकदा. शेवटचे दिवस खाडीकाठाऐवजी सॅक्रामेंटो-ऑबर्नच्या बाजूला काढावेत.

दुसरा खड्डा घामाचा. मुंबई-कोकणात घाम निथळतो, दिसतो, डोळ्यांत जातो. सिएराच्या कोरड्या हवेत तो येता येताच उडतो. अंग कोरडं, फक्त मिठाची पूड उरते. ‘आज घामच येत नाहीये’ या भीतीने माणूस पाण्यावर पाणी पितो, किंवा उलट निर्धास्त राहून पितच नाही. ओल्या शर्टाचा आपल्याकडचा अनुभवही इथे लावू नये: किनाऱ्यावर ओला शर्ट चिकटतो आणि वाळत नाही, तिथे दहा-पंधरा मिनिटांत वाळतो. वाळला की पुन्हा भिजवायचा, एवढंच घड्याळ पाळायचं.

वजनकाट्याबद्दलही एक-दोन गोष्टी. पूर्वी या शर्यतीत वाटेत वजन करणं सक्तीचं होतं, आता नाही. म्हणून क्रूचा स्वतःचा काटा. तो गवतावर नव्हे, फळीवर ठेवायचा. पहाटेचं आणि वाटेतलं वजन एकाच काट्यावर, सारख्या कपड्यांत घ्यायचं; भिजलेला शर्ट आणि बर्फाचा रुमाल मिळून पाऊण किलो सहज भरतो, तेवढ्याने निष्कर्ष उलटतो. आकडे बिबच्या, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागे मार्करने लिहायचे.

खुर्चीतून उठवतानाही सांभाळायचं. उठायला, चालायला आधार देणं नियमात बसत नाही. 2006 मध्ये ब्रायन मॉरिसन सगळ्यांच्या आधी ऑबर्नच्या मैदानात शिरला, शेवटच्या काहीशे मीटरवर कोसळला, सोबत्यांनी त्याला उठवून रेषेपर्यंत नेलं आणि तो बाद ठरला. पडलेल्या माणसाला हात द्यायलाच हवा. पण जो माणूस आधाराशिवाय खुर्चीतून उठू शकत नाही, त्याला पुढे पाठवायचं नसतं.

आपला धावपटू 50 मिनिटं बसला. पहिली लघवी 30 व्या मिनिटाला झाली, थोडी, गडद; दुसरी 45 व्या मिनिटाला, भरपूर आणि फिकट. डोकं हलकं झालं, अर्धा बटाटा पोटात राहिला, सरळ रेषेत दहा पावलं टाकता आली. डॉक्टरांनी जाऊ दिलं. 7:40 ला तो निघाला तेव्हा फ्लास्क भरलेले होते, पण सूचना एकच: घसा कोरडा पडला तरच घोट, वेळापत्रकाने नाही. व्होल्कॅनो कॅनियन ओलांडून फॉरेस्टहिलला पोचेपर्यंत अंधार पडतो. तिथे काटा पुन्हा फळीवर. 63.5 च्या खाली आला तर ताशी अर्ध्या लिटरपासून पिणं सुरू, मोजे बदलायचे, बॅटरी लावायची आणि पेसर, म्हणजे जोडीला धावणारा साथीदार, सोबत घेऊन नदीकडे उतरायचं. 64.5 च्या वर असेल, तर आणखी एक पेला खारट अर्क आणि पुन्हा खुर्ची, लघवी होईपर्यंत.